वरच्या मॉडेलचा फोन

लग्नाआधी आरोही आष्टीत मोबाइलच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. फोन पारखायची तिची आपली एक रीत होती. गिऱ्हाइकानं स्वस्तातला फोन मागितला की ती तो हातात घेऊन आधी दुकानाबाहेर रस्त्यावर जायची. आतल्या दिव्यांत सगळेच फोन छान दिसतात. उन्हात नेला की हलक्या फोनचा पडदा काळा पडतो, आणि आष्टीच्या माणसाचा दिवस तर उन्हातच जातो. मग ती आपल्याच घरी फोन लावायची, आईला काहीबाही बोलायला लावायची आणि आवाज फाटतो का ते ऐकायची. मालकाला हे पसंत नव्हतं, कारण कधी कधी हातातलं गिऱ्हाईक निघून जायचं. पण गेलेलं गिऱ्हाईक पुढच्या वेळी भावाला, मेव्हण्याला घेऊन तिच्याकडंच यायचं, म्हणून तो गप्प बसायचा.

तिचा स्वतःचा फोन तिनं तिथल्याच पगारातून घेतला होता. लग्न होऊन ती नेकनूरला आली, आणि मांडवपरतणीच्या गडबडीत तिच्या नणंदेला, मोहिनीला, तो फोन आवडला. मोहिनी सासरी जायला निघाली तेव्हा सासूबाईंनी, वच्छलाबाईंनी, तो तिच्या पिशवीत घातला. घरात बायकांना एक फोन हाय की, नव्या नवरीला वेगळा कशाला, असं त्या सहज म्हणाल्या. आरोहीच्या नवऱ्यानं, सत्यमनं, दुसरा घेऊन देतो असं सांगितलं, आणि तो चाकणला कंपनीत परत गेला.

घरातला तो एक फोन म्हणजे वच्छलाबाईंचा बटनांचा फोन. त्याचा आवाज कमी होत नसे. सत्यमचा फोन आला की आरोही अंगणात उभी राहून बोलायची आणि शेजारी वच्छलाबाई शेंगा सोलत बसलेल्या असायच्या. जेवलीस का, व्हय, तुमी जेवलात का, व्हय. एवढ्यावर नवरा-बायकोचं बोलणं संपायचं. माहेरी आईशी बोलायचं तरी तसंच. वर्ष-सव्वा वर्षात तिला अशानं बोलायची सवयच राहिली नाही.

दिवाळीला सत्यमनं वडलांकडं विषय काढला. राधाकिशन म्हणजे गावात चार माणसं ज्यांचं ऐकतात असा माणूस. कमी बोलायचे, ओरडायचे तर कधीच नाहीत. त्यांनी लगेच हो म्हटलं नाही, पण संक्रांतीच्या आधी एक दिवस सकाळी म्हणाले की बीडला जाऊ, सूनबाईला बी संग घेऊ, तिला त्यातलं कळतंय. आरोहीला ते फार बरं वाटलं. या घरात आल्यापासून तिला काय येतं हे कुणी विचारलंच नव्हतं.

बरोबर धाकटा दीर पप्पू होता. त्यानं कोणता फोन घ्यायचा ते आधीच ठरवलं होतं. सगळ्यांत खालचा. सुभाष रोडवरच्या दुकानात त्यानं तो काढायला लावला आणि घ्या वैनी, बघा, असं म्हणाला. आरोहीनं पदर सावरला आणि फोन घेऊन ती दुकानाच्या पायरीवरून खाली रस्त्यावर उतरली. उन्हात धरून बघितला. पाठीमागचं झाकण अंगठ्यानं दाबून बघितलं. पप्पूच्या नंबरावर फोन लावून आवाज ऐकला, एकापाठोपाठ एक गोष्टी उघडून तो कुठं अडकतो ते बघितलं. दुकानदार हसत होता. राधाकिशन हसले नाहीत, नीट बघत राहिले.

"मामा, हा घेऊ नका," ती आत येऊन सासऱ्यांना म्हणाली. "आज चालंल. सहा म्हैन्यांनी नुसता अडकत बसंल, मग दुरुस्तीला पैसा घाला. त्यापरीस ह्याच्या वरचा बघा. जरा म्हाग हाय, पण तीन-चार वर्षं काढील."

राधाकिशन म्हणाले की फोन तो फोन, बोलायलाच तर लागतोय. पप्पूनं तर मानच हलवली. घरात बसून काय करायचंय वरच्या फोनला, असं तो म्हणाला. आरोहीला जे सांगायचं होतं ते तिनं सांगितलं होतं, आणि सासऱ्यासमोर त्यापेक्षा जास्त बोलणं बरं दिसलं नसतं.

पप्पू दुकानदाराला घेऊन काउंटरच्या टोकाला गेला. दोघं पाठमोरे होऊन काहीतरी बोलले. दुकानदारानं खालचा फोन उचलून दाखवला आणि नकारार्थी हात हलवला, मग वरच्या फोनवर बोट ठेवलं. पप्पू परत येऊन वडलांच्या कानाशी लागला. राधाकिशननी वरचा फोन हातात घेऊन बघितला, सुनेकडं बघितलं आणि दुकानदाराला म्हणाले, "सूनबाई म्हणती तोच द्या."

येताना एसटीत आरोहीनं खोकं मांडीवर धरलं होतं. तिला फोनचा आनंद होता, पण त्याहून जास्त त्या वाक्याचा होता. आईला तिनं पहिल्या फोनवर तेच सांगितलं, की मामांनी माझं ऐकलं. आई, छबुबाई, म्हणाल्या, बघ, माणसं चांगली हायेत, जरा दम धरावा लागतो.

फोन आला त्या संध्याकाळी पप्पूनं तो मागून घेतला आणि सगळं लावून देतो म्हणाला. तिला स्वतःला ते सगळं लावता येत होतं. पण एवढा मनासारखा फोन मिळाल्यावर तेवढ्यावरून काय बोलायचं, म्हणून तिनं दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं परत केला.

मग चार महिने तिचे बरे गेले. दुपारी सगळी आडवी झाली की ती घराच्या छतावर, माळवदावर जायची आणि रुद्राणीला फोन लावायची. रुद्राणी घाटनांदूरच्या एका दुकानदाराची मुलगी. बीडच्या कॉलेजात असताना दोघी होस्टेलच्या एका खोलीत होत्या. आता रुद्राणी बीडलाच एका मोबाइल दुरुस्तीच्या सेंटरवर काम करत होती आणि खोली घेऊन राहत होती. तिच्याशी बोलताना आरोही हसायची. आपलं हसणं आपल्यालाच नवं वाटतंय, असं तिला एकदा वाटलं.

मधल्या काळात काही गोष्टी झाल्या, पण त्या तिनं मनावर घेतल्या नाहीत. छबुबाईंचा गुडघा धरल्याचं तिला फोनवर कळलं, आणि तिनं घरात सांगायच्या आधीच वच्छलाबाई म्हणाल्या, आईला म्हणावं एरंडाचं पान बांध. एकदा देवळातून येताना ती वाट वाकडी करून एका ओळखीच्या बाईकडं थांबली, तर घरी आल्या आल्या, तिकडं कावून गेलतीस, असं विचारलं गेलं. गाव म्हटलं की डोळे असतातच, असं समजून ती कामाला लागली.

उन्हाळ्यात रुद्राणीनं सांगितलं की सेंटरवर काउंटरला बाई पाहिजे, तू ये, मी शब्द टाकते. नेकनूरहून बीडला गाड्या काय कमी आहेत? आरोहीला ते इतकं पटलं की रात्रभर तिच्या डोक्यात तेच होतं. दुसऱ्या दिवशी माळवदावरून ती रुद्राणीला म्हणाली की सत्यम आला की समोरासमोर विचारते, फोनवर नको. आणि हसत हसत असंही म्हणाली की माणूस वाईट न्हाई गं, पण पाणी प्यायचं तरी आईला इचारून पितो.

सत्यम आला त्या दिवशी दुपारी सगळे जेवायला बसले. आरोही भाकरी वाढत होती. राधाकिशननी भाकरी मोडली आणि ताटाकडं बघतच, नेहमीच्या आवाजात म्हणाले की आपल्या घरातल्या बायका बीडला दुसऱ्याच्या दुकानात उभ्या ऱ्हात न्हाईत. तेवढंच. मग त्यांनी कालवण मागितलं. आरोहीनं वाढलं. तिनं तर अजून कुणाला काही सांगितलंच नव्हतं. तिला पहिला संशय रुद्राणीचा आला.

जेवणं उरकल्यावर सत्यम खोलीत आला. माठातून तांब्या भरून घेतला, उभ्या उभ्या प्याला आणि तोंड पुसलं. तिच्याकडं न बघता म्हणाला, "हे बघ, आईला इचारलं न्हाई."

आरोहीला क्षणभर काही कळलं नाही. मग कळलं. ते वाक्य तिनं माळवदावर म्हटलं होतं, एकटीनं, भर दुपारी. ऐकायला वर कुणी माणूस नव्हतं.

तिनं फोन हातात घेतला. ज्या जागा ती आष्टीत गिऱ्हाइकांना उघडून दाखवायची त्याच जागा तिनं एकेक करून उघडल्या, आणि ते सापडायला वेळ लागला नाही. एक ॲप, साधंसं नाव, साधंसं चित्र. त्याला बोलणं ऐकायची मुभा होती, निरोप वाचायची होती, ती कुठं जाते ते बघायची होती. दुसऱ्याच्या फोनमध्ये हे तिला पहिल्या दिवशी दिसलं असतं. स्वतःच्या फोनमध्ये तिनं शोधलंच नव्हतं.

ती फोन घेऊन अंगणात गेली. सगळे तिथंच होते. हे कुणी घातलं, एवढंच तिनं विचारलं. कुणीही दचकलं नाही. त्याचाच तिला सगळ्यांत जास्त धक्का बसला.

पप्पू बाजेवर बसला होता. "म्या घातलं," तो म्हणाला. "त्या खालच्या फोनात ते चालतच न्हाई, सारखं बंद पडतं म्हणला दुकानदार. म्हणून तर वरचा घेतला. तुमाला काय वाटलं वैनी, तुमच्या म्हणण्यावरून घेतला?"

आरोहीनं राधाकिशनकडं बघितलं. ते म्हणाले की पोरगा भाईर असतो, सून घरात असती, जबाबदारी आमच्यावर हाय; गावात काय काय होतंय ते आपण बघतो. ते रागावले नव्हते. पेरणी समजावून सांगावी तसं सांगत होते. वच्छलाबाई म्हणाल्या, "लपवायचं काय नसंल तर ऐकलं म्हणून काय बिघडतं? मोहिनीच्या सासरी तर फोनच काढून घेतला तिचा." आणि त्यांनी सूप पुढं ओढलं.

संध्याकाळी सत्यम तिची समजूत काढायला बसला. आपण सुरुवातीला नको म्हणालो होतो, असं त्यानं सांगितलं. मग पप्पूनं ते बोलणं त्याला पाठवायला सुरुवात केली. चाकणच्या खोलीवर तो ड्यूटीवरून यायचा आणि झोपायच्या आधी ते ऐकायचा. त्याला तिकडं करमत नव्हतं.

"माझ्याशी तू कधी तशी हसली न्हाईस," तो म्हणाला. "तुझं हसणं म्या तिच्याच फोनवर ऐकलं."

आरोहीला त्याची कीव आली. तो खोटं बोलत नव्हता हे तिला दिसत होतं. पण माळवदावरच्या त्या सगळ्या दुपारी तिच्या डोळ्यांपुढून गेल्या आणि प्रत्येक दुपारी तिथं हा माणूस बसलेला होता, आणि त्याच्या शेजारी पप्पू. तिनं सत्यमसमोरच फोनमधलं सगळं पुसून काढलं, ते ॲपही. त्यानं अडवलं नाही. दोन दिवसांनी तो चाकणला गेला, आणि त्यानंतर घरात कुणी तिच्याशी वाईट वागलं नाही. फक्त फोन वाजला की वच्छलाबाई हातातलं काम टाकून जवळ येऊन बसू लागल्या.

पंचमीला ती माहेरी आष्टीला गेली. तिनं आईला सगळं सांगितलं. छबुबाईंनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मारलं-बिरलं तर न्हाई ना?"

"न्हाई."

"खायला-प्यायला?"

"देत्यात."

"मग?"

आरोहीकडं उत्तर होतं, पण ते आईला कळेल अशा शब्दांत नव्हतं. छबुबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि सांगितलं की फोनपायी कुणी संसार मोडत नसतं, पंचमी झाली की भाऊ नेऊन घालील. भावानं नेकनूरला कळवूनही टाकलं.

पंचमीच्या दुसऱ्या दिवशी ती एकटीच बीडच्या गाडीत बसली. रुद्राणीच्या सेंटरवरची जागा तोवर भरली होती. रुद्राणीनं खोलीत जागा दिली. काही दिवसांनी बसस्टँडजवळच्या एका टपरीवजा दुकानात आरोहीला काम मिळालं, मोबाइलची कव्हरं विकायचं आणि काचा चिकटवायचं. फोन पारखायला तिथं कुणी तिला विचारत नाही. पगार आष्टीत मिळायचा त्याहून कमीच आहे. राधाकिशन एकदा दुकानासमोरून गेले. त्यांनी तिला बघितलं, मान खाली घातली आणि पुढं गेले. नेकनूरमध्ये लोक काय बोलतात ते रुद्राणीला कळतं, पण ती सांगत नाही.

सत्यमचा अधूनमधून फोन येतो. चाकणला वेगळी खोली बघतो, असं तो म्हणतो. बघा, असं ती म्हणते. त्याला वाटतं ती अजून रागावलेली आहे म्हणून थोडं बोलते. राग कधीच ओसरला होता. तिला आता फोनवर बोलताच येत नाही. एक-दोन वाक्यं झाली की आवाज आपोआप खाली येतो, आणि कुणालाही चालतील असेच शब्द तोंडात येतात.

फोन तिनं दुसरा घेतला, स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या हातानं तपासून. त्यात काही नाही हे तिला पक्कं माहीत आहे. तरी रुद्राणीला मनातलं काही सांगायचं असलं की ती उठते, फोन बाहेर मोरीच्या कट्ट्यावर ठेवून येते आणि दार ओढून घेते. पहिल्यांदा रुद्राणी हसली होती. आता तीही आपला फोन उचलते आणि न बोलता आरोहीच्या हातात देते.