माझं शेवटचं वाक्य

मी एक जुना गोषवारा आहे. जुना म्हणजे पाच-सहा वर्षांचा. पण संशोधनात एवढ्यातच म्हातारपण येतं बघा! शोधनिबंधाच्या माथ्यावर एक छोटा परिच्छेद असतो ना, आत काय आहे ते थोडक्यात सांगणारा, तोच मी. शितावरून भाताची परीक्षा करतात, त्यातलं शीत.

मित्रांनो, माझा जन्म सोलापुरात, ऐन उन्हाळ्यात, विद्यापीठाच्या ग्रंथालयात झाला. मला लिहिलं अक्षता मॅडमनी. त्यांचा विषयही गोषवारेच! इंग्रजी आणि मराठी निबंधांचे गोषवारे काळानुसार कसे बदलले, ते त्या तपासत होत्या. जुने गोषवारे 'हे आम्हाला कळलं नाही' असं सरळ सांगत. नवे नुसत्या बढाया मारतात, असं त्यांना दिसलं. म्हणून माझ्या शेवटी त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं, 'मराठी गोषवारे मूठभरच मिळाले. त्यांच्याविषयी आताच काही सांगता येणार नाही.'

पण शोधपत्रिकेची शब्दमर्यादा आडवी आली. मॅडमनी घाईघाईत कापलं ते नेमकं हेच वाक्य! 'महत्त्वपूर्ण' आणि 'अभूतपूर्व' मात्र ऐटीत राहिले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! माझं कौतुक खूप झालं. जो तो मलाच वाचायचा, खालच्या निबंधाकडे कुणी ढुंकूनही बघेना. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

यंदा वैराग गावची संस्कृती नावाची मुलगी मॅडमकडे आली. तिला मराठी गोषवाऱ्यांवरच पीएच.डी. करायची होती. त्यासाठी वर्षभर गावोगावच्या कॉलेजांतून ती जुन्या शोधपत्रिका गोळा करत होती. मला वाचून बिचारीचा चेहरा पडला होता.

"मॅडम, मराठीचं काम तुमी केलंय की. मी विषय सोडते," ती म्हणाली.

मॅडमनी विचारलं, "निबंध वाचलास?"

"न्हाय. गोषवाऱ्यात सगळं आलंय की."

मॅडमनी मला उघडून वाचलं, तेव्हा आपण कापलेलं वाक्य त्यांना आठवलं. मग त्यांनी माझे सगळे दिमाखदार शब्द खोडले, त्या जागी ते वाक्य परत बसवलं आणि पत्रिकेकडे दुरुस्ती पाठवली.

"मराठीचं काम झालेलं नाही," त्या संस्कृतीला म्हणाल्या. "ते तू करायचंस."

संस्कृतीनं विषय सोडला नाही.

मित्रांनो, माझा थाट गेला, पण जीव हलका झाला. मला जरूर वाचा, पण माझ्यापाशीच थांबू नका, खालीही उतरा. आणि उद्या तुम्ही कुणी माझ्यासारखा गोषवारा लिहाल, तेव्हा जागा कमी पडली तर त्यातली स्तुती कापा. 'आम्हाला ठाऊक नाही' एवढं मात्र राहू द्या. कुणीतरी तिथूनच पुढे जाणार असतं.