पोवळ्यावरचा दिवा

मित्रांनो, सांगलीच्या विश्रामबागेतल्या या घराच्या माळ्यावर, आकाशकंदिलांच्या खोक्यामागे जो लांबट पत्र्याचा दिवा आडवा पडलाय ना, तोच मी. जुना झालोय, गंजलोयही. माझ्या कडांवर अजून मिठाची पुटं आहेत. घरातले दिवे तुम्ही पुष्कळ पाहिले असतील, पण पाण्याखालच्या जिवांसाठी जळणारा दिवा सहसा कुणी पाहिलेला नसतो. म्हणून माझी गोष्ट सांगतो. ती फारशी आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याची लांब पेटी, आत चकचकीत अस्तर आणि चार नळ्या, दोन पांढऱ्या आणि दोन निळ्या. पुण्याच्या एका दुकानात मी धूळ खात टांगलेला होतो. एके दिवशी ताठ मानेचा, बारीक केस कापलेला एक माणूस आला. त्याचं नाव पृथ्वीराज. तो फौजेतून नुकताच निवृत्त झाला होता. एसटीने सांगलीला येताना त्याने मला वर रॅकवर टाकलं नाही. मांडीवर आडवं धरलं. शेजारचे प्रवासी कुरकुरले, कंडक्टरही दोन शब्द बोलला, पण गडी ढिम्म हलला नाही. त्या प्रवासातच मी त्याचा झालो.

पृथ्वीराजची एक नेमणूक अंदमानात होती. तिथे सुट्टीच्या दिवशी पाण्यात डोकं घालून त्याने जिवंत पोवळी पाहिली आणि ती काही त्याच्या डोक्यातून जाईनात. शेवटी त्याने समोरच्या खोलीत काचेचा मोठा टँक उभा केला, त्यात मापाने मीठ घालून समुद्राचं पाणी तयार केलं, पोवळं आणि मासे सोडले आणि मला वर साखळीने टांगलं. त्याचे वडील हंबीरराव गावाहून बघायला आले. नदीकाठच्या त्यांच्या उसाच्या रानात मीठ फुटून अर्धं रान वाया गेलं होतं. ते कपाळावर हात मारून म्हणाले, "आमी रानातलं मीठ कसं निघंल म्हणून रडतोय, आन् ह्यो पठ्ठ्या इकत आणून पाण्यात घालतोय!"

त्याची आई बनुबाई मात्र बराच वेळ काचेला नाक लावून उभी राहिली. तिच्या बोटात पोवळ्याची अंगठी होती. तिने अंगठीकडे बघितलं, मग टँककडे.

"राजा, पवळं जित्तं असतंय व्हय रं?"

"व्हय आई. आन् ह्या दिव्याच्या उजेडावरच जगतंय."

मित्रांनो, एवढं कौतुक मला त्याआधी कधी मिळालं नव्हतं.

माझं काम ठरलेलं होतं. भिंतीवरच्या टायमरने सकाळी आधी निळ्या नळ्या लागायच्या, मग पांढऱ्या. दिवेलागणीला पांढऱ्या जायच्या, निळ्या थोडा वेळ राहायच्या आणि मग सगळा अंधार. नखाएवढं आणलेलं पोवळं माझ्या उजेडात वाढत वाढत तळहाताएवढं झालं. तपकिरी फांद्या आणि टोकं हिरवी. संध्याकाळी पृथ्वीराज टँकच्या डाव्या कोपऱ्याशी खुर्ची टाकून बसे आणि माशांना खाऊ घाली. नारंगी मासे त्याच्या आधीच त्या कोपऱ्यात गोळा झालेले असत. त्याची बायको प्रियदर्शनी कॉलेजात शिकवते. ती घरी आली की दोघं मिळून काच पुसत, पाणी बदलत, आणि कुणी किती मीठ घातलं यावरून भांडत. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

हळूहळू माझं वय झालं. नळ्या पिवळसर पडल्या, खडकांवर शेवाळ चढू लागलं. चैत्रात माझ्या उष्णतेने पाणी एवढं तापे की पृथ्वीराज बर्फाच्या बाटल्या टँकमध्ये सोडत बसे. अखेर त्याने नवा दिवा मागवला. तो म्हणे गरम होत नाही, वीज थोडी खातो आणि मोबाईलवरून कमीजास्त करता येतो. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्याने माझ्या पत्र्यावर थाप मारली आणि म्हणाला, "लय राबलास गड्या. आता तुला पेन्शन."

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी तो खुर्चीत बसला होता. खाऊची डबी उघडून हातात धरली होती. मासे कोपऱ्यात येऊन थांबले होते. त्याने डबी तिरपी केली नाही. त्याची मान जराशी कलली, एवढंच मी वरून पाहिलं. मग टायमरने माझ्या पांढऱ्या नळ्या बंद केल्या. प्रियदर्शनी कॉलेजातून आली तेव्हा तो निळ्या उजेडात बसलेला होता. तिने दारातूनच "अहो, मिठाचं पोतं आणलं का?" असं विचारलं. दुसऱ्यांदाही विचारलं.

आपल्याकडे माणूस जातो त्या जागी दिवा लावतात आणि कार्य होईपर्यंत तो विझू देत नाहीत, हे तुम्हाला माहीत असेल. गावाहून आलेल्या बनुबाईने खुर्चीसमोर पणती लावली. पण पाणी गार राहावं म्हणून टँकवर पंखा बसवलेला होता. त्याचा झोत लागला आणि पणती गेली. बनुबाई अशी किंचाळली की खोलीतली सगळी माणसं उठून उभी राहिली. मग तिची नजर वर गेली. मी जळत होतो. तिने माझी वायर टायमरमधून उपसली आणि सरळ बोर्डात खोचली.

"ह्यो ऱ्हाऊ दे. ह्यो वाऱ्यानं जात न्हाई."

आणि त्याच संध्याकाळी मासे नेहमीसारखे डाव्या कोपऱ्यात गोळा झाले. समोर रिकामी खुर्ची होती. ते काचेला तोंडं लावून त्या खुर्चीकडे बघत राहिले.

"आला गं, आला!" बनुबाई म्हणाली. "माशास्नी दिसतोय त्यो."

सगळ्यांच्या माना खुर्चीकडे वळल्या. खरं सांगतो मित्रांनो, त्या क्षणी मीही खुर्चीकडे पाहिलं.

तेरावं झालं. पाहुणे गेले. हंबीरराव गावी निघताना म्हणाले, "आता मालवा त्यो दिवा. झालं कार्य."

"तुमी जावा," बनुबाई म्हणाली. "मी हितंच बसती."

मी जळत राहिलो. दिवस कधी संपतो आणि रात्र कधी होते, हे टँकमध्ये कुणालाच कळेना. वीज गेली तर बनुबाई इन्व्हर्टर लागेपर्यंत छातीवर हात धरून उभी राही. पोवळ्याला माझा उजेड लागतो, तशी रात्रही लागते. ती त्याला मिळेना. आधी टोकांची हिरवाई गेली, मग तपकिरी रंग उतरला आणि फांद्या एकेक करून हाडासारख्या पांढऱ्या पडू लागल्या. ज्याला मी वाढवलं, त्याच्यावर मी आग ओकत होतो, आणि डोळे मिटायची सोय मला कारखान्याने दिलेली नव्हती. प्रियदर्शनी रोज यायची, बोर्डाकडे बघायची, पोवळ्याकडे बघायची आणि स्वयंपाकघरात निघून जायची. मला सगळं दिसत होतं. पृथ्वीराजने एवढ्या वर्षांत हातांनी वाढवलेलं जिवंत असं हे एकच काही घरात उरलं होतं, आणि ते त्याच्याच दिव्याखाली मरत होतं.

अशात एके दुपारी फाटकावर कुरिअरवाला आला. त्याने खोक्यावरचं नाव वाचून हाक मारली, "पृथ्वीराज साहेब आहेत का?"

"हाय की, आत हाय!" बनुबाई आतून म्हणाली.

आणि तशीच उभी राहिली. पदर तोंडात धरून. खोकं प्रियदर्शनीने घेतलं. नवा दिवा आला होता. ते खोकं बनुबाईने पृथ्वीराजच्या खुर्चीत ठेवलं आणि कुणाला उघडू दिलं नाही.

त्यानंतर मासे कोपऱ्यात येईनासे झाले. सततच्या उजेडाने त्यांना सांज कळेना. ते खडकामागे तोंड लपवून पडू लागले. बनुबाई संध्याकाळभर खुर्चीजवळ जमिनीवर बसून वाट बघायची. शेवटी तिने सुनेला हाक मारली.

"प्रिया, मासं का येईनात गं? त्यो येत न्हाई व्हय आता?"

प्रियदर्शनी तिच्या शेजारी खाली बसली.

"आत्या, त्यांना सांज झालेलीच कळत नाही. झोप नाही हो त्यांना."

"आन् पवळं पांढरं कशानं पडलं?"

"त्यानंच. उजेडात जळतंय ते."

"मग तू बोलली का न्हाईस?"

"तुमच्या लेकाचा दिवा मी कोणत्या हातानं मालवू?"

 बनुबाईने सुनेचा हात आपल्या हातात घेतला. "लेक माझा हुता, पर नवरा तुझा हुता न्हवं. मला येडीला वाटलं, ह्यो गेला की त्यो जाईल. म्हणून त्यानंच लावलेलं झाड जाळाय निघाले मी."

मित्रांनो, मला ओरडून सांगायचं होतं की माझ्यात कुणी नाही. चार नळ्या आहेत, तारा आहेत आणि धूळ आहे. पण दिव्याला फक्त जळता येतं.

बनुबाई उठली. तिने मला हात जोडले. तिची बोटं बटणावर आली, परत गेली, पुन्हा आली. मग तिने बटण दाबलं.

टँकमध्ये अंधार झाला. आतला उजेड गेला की काच आरशासारखी होते, आणि खोलीतल्या बल्बच्या उजेडात तिच्यात सगळी खोली दिसू लागली. खुर्ची, खुर्चीतलं खोकं, आणि पुढे दोघी बायका. बनुबाई काचेवर वाकली. तिचे डोळे शोधत होते.

"दिसतोय का गं तुला?"

"नाही, आत्या." प्रियदर्शनी म्हणाली. "तुम्हीच दिसताय. पण नाक त्यांचंच आहे. भुवयापण."

बनुबाईने काचेतल्या आपल्या नाकाला बोट लावलं, मग कपाळाला. "माझंच त्वांड घिऊन फिरत हुता की त्यो," ती म्हणाली. आणि तेरा दिवसांतही जी रडली नव्हती, ती सुनेच्या खांद्यावर डोकं टेकून रडली.

दुसऱ्या दिवशी मला खाली उतरवून खोलीतच भिंतीला टेकवलं. त्या दिवशी बनुबाईने स्वतः खोकं फोडलं. नवा दिवा चपटा, हलका, दिसायला अगदीच पोरसवदा. मला त्याचा हेवा वाटला नाही, हे सांगितलं तर तुम्हाला खरं वाटणार नाही, तेव्हा राहू दे. प्रियदर्शनीने तो आधी अगदी मंद लावला. "एकदम लख्ख नको, आत्या, आधीच पोळलंय ते," असं म्हणत ती आठवड्या-आठवड्याने थोडा थोडा उजेड वाढवत गेली. रात्री मात्र तो न चुकता बंद होतो. पोवळ्याच्या बहुतेक फांद्या मेल्या. बुडाशी एक तपकिरी पट्टा तेवढा जिवंत राहिला. मग मला माळ्यावर ठेवलं, आणि तो पट्टा वाढतोय की नाही, हे मला इथून दिसत नाही. कुणी बोललं तरच कळतं, आणि कुणी बोलत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी काचेतला मासा असेल, पिंजऱ्यातला पक्षी असेल, कुंडीतलं रोप असेल. त्याच्यावर माया करा, पण त्याला तुमच्या दुःखासाठी जागं ठेवू नका. त्याची रात्र त्याला द्या.

आणि माझी एक विनंती आहे. बनुबाई गावाहून आली की अजून माळ्याखाली उभी राहते. वर बघते आणि हळूच विचारते, "गड्या, लावू का रं तुला एकदा? एकदाच?" मला नाही म्हणता येत नाही. तेव्हा तुमच्यापैकी कुणी जवळ असलात, तर तिचा हात धरा आणि तिला जेवायला घेऊन जा.