माझा भाऊ अजून शिकतोच आहे

तीन महिने मी इंग्रजी घोकत होते. साठीला टेकलेली बाई भाजी चिरताना परकी वाक्यं पुटपुटते म्हणून माझा धाकटा भाऊ सेइगो खदाखदा हसायचा. पण कॅनडाहून ग्रॅहम येणार म्हटल्यावर त्याचीही झोप उडाली. ग्रॅहमच्या पाकशाळेला सेइगोनं घडवलेल्या जपानी सुऱ्या हव्या होत्या. ही मागणी हुकली तर शरदात भट्टी कायमची विझवायची, असं सेइगोनं ठरवून टाकलं होतं. साकाईतली आमची भट्टी, आजोबांपासूनची!

ग्रॅहम आला. त्यानं सुरी उचलली, बोटावर तोलली, टोमॅटोची आरपार दिसेल अशी चकती काढली. डोळेच चमकले त्याचे!

"यांच्याइतकं चांगलं काम इथे आणखी कोणी करतं का?" त्यानं विचारलं.

मला शब्दन् शब्द कळला! आनंदाच्या भरात मी घडाघडा बोलून गेले, "छे छे, हे काहीच नाही. माझा भाऊ अजून शिकतोच आहे. याच्याहून चांगले लोहार गावात पुष्कळ आहेत." वर कमरेत वाकलेसुद्धा.

ग्रॅहमनं माझ्याकडे पाहिलं, मग सुरीकडे. ती हळूच खाली ठेवली, वही मिटली, जवाचा गार चहा संपवला आणि आभार मानून तो निघून गेला.

"झकास बोललीस ताई," सेइगो घाम पुसत म्हणाला. "काय सांगितलंस?"

"जे सांगायचं असतं तेच. तू अजून कच्चा आहेस म्हटलं."

"बरोबर. मग मागणी कधी कळवतोय?"

आणि तेव्हा कुठे मला आठवलं. इंग्रजीच्या वर्गातल्या निशिदा बाई कानीकपाळी ओरडायच्या, "मित्सुए, पाहुण्याला केक देताना 'अगदीच बेचव आहे' म्हणू नकोस. ही परदेशी माणसं ते खरं मानतात!" आणि मी? भावाची भट्टी मी माझ्याच तोंडानं विझवली होती.

चपलांचं भान कुणाला! मोज्यांवरच सायकलवर बसले नि सुटले. थांब्यावर ग्रॅहम उभा होता आणि ट्राम समोरून येत होती. शेजारी, माझं नशीब, म्हातारा कुवाबारा. मागच्या गल्लीतला लोहार, वडिलांच्या काळापासूनचा आमचा प्रतिस्पर्धी. त्याच्यादेखत आपल्याच माणसाची स्तुती? मी जन्मात केली नव्हती. वडिलांनी तर मरेपर्यंत केली नाही.

ट्रामचं दार उघडलं.

"माझा भाऊ बेस्ट!" मी किंचाळले. "साकाईत बेस्ट! मघाशी मी खोटं बोलले! आमच्यात घरच्यांबद्दल असंच बोलतात!"

ग्रॅहम पायरीवर थबकला. त्यानं कुवाबाराकडे पाहिलं आणि आमच्या घराच्या दिशेनं बोट दाखवून विचारलं, "बेस्ट?"

कुवाबारानं एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं. घसा खाकरला. आणि मान डोलावली! ट्राम ग्रॅहमला न घेताच गेली.

मी उड्याच मारायची बाकी होते. मागे वळले तर सेइगो धापा टाकत उभा, हातात माझ्या चपला.

"तुला कुठे इंग्रजी कळतं?" मी दरडावलं.

"बेस्ट कळतं." त्यानं वाकून चपला माझ्या पायांशी ठेवल्या आणि बराच वेळ मान वर केलीच नाही. "ताई, आपल्या भाषेत तू हे कधी म्हणाली नाहीस."

"आपल्या भाषेत मला ते वाक्य येत नाही रे," मी म्हणाले आणि भर रस्त्यात मला रडू फुटलं.