उजव्या डोळ्यावरून डावा

चोवीस वर्षं शहरभरच्या दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरने शेवटची पाटी स्वतःच्या दुकानासाठी रंगवली : ‘गाळा भाड्याने देणे आहे’. सवयीने अक्षरांना राखाडी सावलीही दिली. छापील फलक तासाभरात मिळू लागल्यापासून हातच्या अक्षरांसाठी आठवडा थांबायला कुणी तयार नव्हतं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तो घरी बसला आणि सात महिन्यांत घरातल्या प्रत्येक दाराला त्याने दोनदा रंग दिला.

तिसऱ्यांदा डबा उघडला, तेव्हा इस्पितळात परिचारिका असलेली त्याची बायको म्हणाली, “अहो, दारांना श्वास तरी घेऊ द्या. आमच्याकडे कृत्रिम डोळे करतात ना, त्या बाईंना रंगाचा हात असलेला माणूस हवाय. मी तुमचं नाव सांगितलंय.”

हे कळल्यावर मेव्हणा जेवता जेवता म्हणाला, “म्हणजे भावोजी, लोक डोळ्यांत धूळ फेकतात, तुम्ही रंग फेकणार.” सगळे हसले. पेंटरही हसला, पण त्याचा घास बराच वेळ तोंडात फिरत राहिला.

डोळे करणाऱ्या बाई त्याच्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान होत्या. इस्पितळाच्या मागच्या अंगाला, उत्तरेकडे एकच मोठी खिडकी असलेल्या खोलीत त्यांचं काम चाले. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “तीन महिने शिका. शेवटी एक डोळा पहिल्यापासून शेवटपर्यंत तुम्ही करायचा. ज्याचा असेल त्याने तो पत्करला तर राहा. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल. राग मानू नका.”

“नाही मानत,” पेंटर म्हणाला. राग मानण्याइतकं त्याच्याजवळ काही उरलं नव्हतं.

खोटा डोळा गोटीसारखा गोल असतो, अशी त्याची समजूत होती. प्रत्यक्षात तो शिंपल्यासारखा पातळ, खोलगट तुकडा निघाला. रिकाम्या खोबणीचा साचा घ्यायचा, त्यावरून पांढरा तुकडा ओतायचा, नखाएवढ्या चकतीवर बुबुळ रंगवून त्यात बसवायचं, लाल रेशमाचा धागा उसवून त्याच्या शिरा पसरायच्या आणि वरून पारदर्शक थर चढवायचा. साचा, ओतकाम, घासकाम त्याने महिनाभरात आत्मसात केलं. बुबुळ मात्र हाताला येईना. रंगवलेल्या चकतीवर बाई पाण्याचा थेंब सोडत, कारण वरचा थर चढल्यावर रंग कसा दिसेल ते त्या थेंबातून कळतं. मग मान हलवून त्या चकती खणात टाकत. त्या खणात पेंटरची एकोणचाळीस बुबुळं जमली होती.

तीन महिने भरत आले त्या आठवड्यात पोहायला शिकवणारी मास्तरीण आली. वय एकोणसाठ, डावा डोळा गाठीमुळे काढलेला. तलावाच्या या टोकावरून त्या टोकाला ऐकू जाईल असा तिचा आवाज होता. पेंटरने तिला खिडकीपाशी बसवलं आणि गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ स्वतःची खुर्ची ओढली.

“किती वर्षं करताय हे?” तिने विचारलं.

“शनिवारी तीन महिने होतील.”

“म्हणजे परीक्षा तुमची, आणि पेपर माझ्या तोंडावर.”

“तसंच आहे,” तो म्हणाला.

“खोटं बोलला नाहीत, बरं झालं. काठ घट्ट धरून उभे राहणारे मी लांबून ओळखते.”

दोन दिवसांत डोळा तयार झाला. नितळ तपकिरी बुबुळ, त्याला गडद, एकसारखी कड, भोवती स्वच्छ पांढरा रंग. बुधवारी बाईंनी तो बसवला आणि आरसा पुढे केला. मास्तरीण पाहत राहिली.

“डोळा छान आहे,” ती शेवटी म्हणाली. “माझ्या मुलीला द्या. तिच्या वयाचा आहे.”

बाई जवळ आल्या. “पेंटर, तुम्ही पाटी केलीत. रस्त्यापलीकडून ठळक दिसेल.”

पेंटर म्हणाला, “दुकान असतं त्यापेक्षा पाटीवर चांगलं दिसायला हवं, हाच माझा धंदा होता.”

“मी दुकान नाही,” मास्तरीण म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच खोलीपुरता झाला. “माझ्याकडे शिकणारे पाण्यातून माझ्या तोंडाकडे बघत असतात. ही आपल्यावर लक्ष ठेवून आहे, एवढ्या एका भरवशावर ते काठ सोडतात. एक डोळा एकीचा आणि दुसरा दुसरीचा दिसला, तर कुठल्या डोळ्यात बघावं याचा विचार करतील. पाण्यात विचार करणारा माणूस बुडतो. सोमवारपासून माझा नवा वर्ग आहे. नाहीतर मला काळा चष्मा लावून घरी बसायला सांगा, तसं तलावावर कळवते.”

घरी बसणं म्हणजे काय, ते पेंटरला कुणी सांगायची गरज नव्हती.

“बाई, मला परवापर्यंत वेळ द्या,” तो म्हणाला.

“परवा संध्याकाळपर्यंत. त्यानंतर मी करायला घेईन.”

तो पुन्हा खुर्चीवर बसला, पण कुंचला त्याने उचलला नाही. “आज रंगवत नाही. नुसतं बघितलं तर चालेल?”

“बघा की. बघायला पैसे पडत नाहीत,” मास्तरीण म्हणाली आणि तिने उजवा डोळा त्याच्यावर रोखला.

पहिली काही मिनिटं त्याला तपकिरी रंगच दिसला. मग तो रंग नाहीसा झाला. त्या जागी शेकडो तंतू होते, बाहुलीपासून निघून बाहेर धावणारे, कुठे ताणलेले, कुठे सैल, एकमेकांखालून जाणारे. बाहुलीलगत मधाचा रंग होता, त्याच्यापुढे शेवाळी छटा, आणि त्यावर गंजाचा एक ठिपका, मोहरीच्या दाण्याहून लहान. ज्या कडेवर त्याने इतक्या इमानाने रेघ ओढली होती, तिथे रेघच नव्हती. दिवस मावळताना डोंगर आणि आकाश एकमेकांत मिसळतात, तसं बुबुळ पांढऱ्यात विरत होतं. बाहेरून धुक्यासारखं एक राखाडी कडं होतं, वयाने आणलेलं. पहिल्या दिवशी ते त्याला दिसलं होतं आणि त्याने सौजन्य म्हणून गाळलं होतं.

“तुम्ही पहिल्यांदा पोहलात तेव्हा काय झालं?” त्याने विचारलं. ती मोकळी बसावी, एवढाच हेतू होता.

“वडिलांनी हात काढून घेतला आणि मला कळलंच नाही,” ती म्हणाली. “मागे वळून बघितलं तर ते पार लांब उभे.”

आणि बाहुली उघडली. खिडकीतला उजेड तसाच होता, तरी ते काळं वर्तुळ संथपणे रुंदावलं, सगळे तंतू आखडून मागे सरले, क्षणभर थांबले आणि हळूहळू परत आले. पन्नास वर्षांपूर्वीचा तो तलाव समोरच्या अर्ध्या इंचात येऊन गेला होता. पेंटर एकदम पुढे झुकला. आईच्या, बायकोच्या, गिऱ्हाइकांच्या अशा किती डोळ्यांसमोर तो आजवर उभा राहिला होता, आणि हे सगळं प्रत्येकाच्या चेहऱ्यावर उघड्यावर चाललेलं होतं. चोवीस वर्षं आपण बघण्याच्या कामात होतो, अशी त्याची समजूत होती.

“काय झालं?” मास्तरणीने विचारलं.

“काही नाही. जरा बोलत राहा.”

दुसऱ्या दिवशी त्याने सुरुवात राखाडी कड्यापासून केली. रेघ कुठेच ओढली नाही. पातळ रंगाचे तंतू एकावर एक घातले, प्रत्येक थरानंतर पाण्याचा थेंब सोडून पाहिलं, पुसलं, पुन्हा घातलं. गंजाचा ठिपका ठेवताना त्याने पापणीही लववली नाही. पांढऱ्या भागाला किंचित पिवळी झाक दिली आणि नाकाच्या बाजूला रेशमाचे तंतू दाट पसरले, कारण क्लोरीनच्या पाण्याने तिचा दुसरा डोळा तिथेच लाल असे. बाई दोनदा मागे येऊन उभ्या राहिल्या, तरी त्याने मान वर केली नाही.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी डोळा बसवला. मास्तरीण आरशात पाहत राहिली. तिने मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, दोनदा डोळे मिटून उघडले.

“ह्यात मी म्हातारी दिसते,” ती म्हणाली.

“हो,” पेंटर म्हणाला.

“दोन्हीकडून सारखीच.” तिने आरसा खाली ठेवला आणि तळहाताने गाल पुसला. “हाच राहू दे. पाण्यात चालेल ना?”

“चालेल,” बाई म्हणाल्या. “सूर मारताना तेवढा काढून ठेवा.”

ती उठली आणि जाण्याआधी पेंटरसमोर क्षणभर उभी राहिली. तिच्या उजव्या डोळ्याची बाहुली खिडकीच्या उजेडात लहान झाली आणि डाव्याची होती तशीच राहिली. नखाएवढ्या चकतीवर जेवढं ठेवता येतं तेवढं त्याने ठेवलं होतं. उरलेलं त्याच्या हातात नव्हतं, बाईंच्याही नव्हतं, आणि ते तसं असल्याचं त्याला मुळीच वाईट वाटलं नाही. तिच्यासमोर आपोआप त्याचे हात जुळले.

ती गेल्यावर बाईंनी खणातली एकोणचाळीस बुबुळं कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिली. “आता इथेच राहायचं, तर खणात जागा हवी तुम्हाला. आणि बाहेर एक आजोबा बसलेत, घाऱ्या डोळ्यांचे. त्यांना तुम्हीच आत घ्या.”

पेंटर बाहेर गेला. बाकावरच्या म्हाताऱ्याने टोपी कपाळावर ओढून डावा डोळा तळहाताखाली झाकला होता.

“या आजोबा, इथे खिडकीपाशी,” पेंटर म्हणाला. “हात खाली घेतलात तरी चालेल.”

म्हातारा बसला आणि सावकाश हात खाली घेतला. पेंटरने आपली खुर्ची पुढे ओढली, कुंचला उचलला आणि म्हाताऱ्याच्या चांगल्या डोळ्यात पाहता पाहता परत ठेवून दिला.