परराष्ट्रमंत्र्यांचा आवाज

पिंपरी-चिंचवडमधल्या पुनावळ्याच्या त्या सोसायटीत अर्जुनराव सरवद्यांना सगळे ‘खासदारसाहेब’ म्हणत. त्यांनी कधी निवडणूक लढवली नव्हती, सोसायटीच्या कमिटीतही ते नव्हते. चाकणच्या एका गिअर कंपनीत भट्टीपुढे उभं राहून आयुष्य काढलेला हा माणूस. पण संध्याकाळी बागेतल्या बाकावर बसला की अशी काही माहिती फेकायचा की बाकीचे पेन्शनर गार पडायचे. कुठल्या देशाच्या तुरुंगात आपले मच्छीमार अडकलेत, कुणी व्हिसाचे नियम बदलले, कुठल्या राजदूताला समज दिली, सगळं तोंडपाठ.

“हे तुम्हाला सांगतं कोण?” वरच्या मजल्यावरचा निरंजन विचारायचा. तो आयटीतला, दिवसभर घरून काम करून कंटाळला की खाली यायचा.

“परराष्ट्रमंत्री,” अर्जुनराव म्हणायचे, आणि अख्खा बाक हसायचा.

आता यात थाप काहीच नव्हती. अधिवेशन चालू असलं की रोज अकराच्या सुमाराला अर्जुनराव चहाचा दुसरा कप घेऊन, कानात इअरफोन खुपसून खिडकीशी बसायचे. लोकसभेचं कामकाज हल्ली मराठीतूनही ऐकता येतं. तिकडे दिल्लीत काचेच्या खोलीत दुभाषे बसतात आणि मंत्री बोलत असतानाच त्याच दमात मराठीत सांगत जातात. त्या दुभाष्यांत एक होती विजयश्री, अर्जुनरावांची थोरली. बाकावर हे कुणालाही माहीत नव्हतं. माहीत असतं तर पुढचा प्रश्न आला असता, लेक घरी कधी येते हो?

लेक बापाशी बोलत नव्हती. बापही लेकीशी बोलत नव्हता. आणि रोज सकाळी तो तिचा आवाज कानात घालून बसायचा. लोक काय काय करून दिवस काढतात.

दुभाषे आळीपाळीनं बोलतात. एक थकला की दुसरा माईक घेतो. विजयश्रीच्या आधी एका गृहस्थांची पाळी असे. ते बोलायचे बरे, पण अर्जुनरावांना त्यांचा मनापासून राग यायचा. तुमचं संपवा हो लवकर, असं ते चहाच्या कपाला सांगत. मग एकदाचा तिचा आवाज यायचा. मंत्र्यांचं म्हणणं जसंच्या तसं, त्यांच्याच जागी उभं राहून बोलायचं, असा त्या कामाचा दंडक. त्यामुळे ती म्हणायची, “परदेशातल्या प्रत्येक भारतीयाची जबाबदारी माझी आहे,” आणि अर्जुनराव इकडे मान डोलवायचे. परराष्ट्रमंत्र्यांचा स्वतःचा आवाज कसा आहे, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांच्यापुरते परराष्ट्रमंत्री विजयश्रीच्याच आवाजात बोलत.

भांडण झालं होतं ते धाकट्या बुद्धरत्नवरून. पोरगा डिप्लोमा झालेला, चाकणमध्येच कंत्राटी नोकरीवर होता. कंत्राट संपलं, मग दुसरं, मग तेही संपलं. घरात बसून बसून त्याचा चेहरा उतरत चालला होता. अशात कुणी एजंट भेटला. बँकॉकला कॉल सेंटर, राहायला जागा, जेवण कंपनीचं. अर्जुनरावांना आनंदानं काय करू आणि काय नको असं झालं. त्यांनी दिल्लीला फोन केला, तर विजयश्री म्हणाली, “अप्पा, कंपनीचं नाव सांगा आधी. मी रोज हेच ऐकते इथं. अशा पोरांना सीमेपलीकडे नेतात आणि कोंडून ठेवतात. लोकांना फोनवर फसवायचं काम करून घेतात. त्याला थांबवा.”

अर्जुनराव भडकले. आईविना वाढलेलं ते पोर पहिल्यांदाच हसतखेळत बोलत होतं. “तुला तुझ्या भावाचं चांगलं झालेलं बघवत न्हाई,” असं ते म्हणून गेले. बोलायला नको होतं. ज्या मुलीनं भावाच्या फीसाठी स्वतःचं लग्न पुढं ढकललं तिला असं बोलायला नको होतं, हे त्यांना फोन ठेवायच्या आतच कळलं होतं. पण बापाची मान, ती सहजासहजी वाकते थोडीच. ती त्यानंतर बोलली नाही, आणि यांनीही फोन केला नाही.

बुद्धरत्न गेला. सुरुवातीला फोटो आले, फोन आले. मग फोन तुटक झाले. मग एकच निरोप आला, इथून निघता येत नाही. त्यानंतर काहीच नाही.

बाकावर अर्जुनराव सांगत राहिले, “पोरगा बँकॉकला असतो. बिझी असतो.” आणि गुपचूप खासदारांच्या कार्यालयात खेटे घालत राहिले. तिथल्या माणसांनी आधी बसवून ठेवलं, मग कागद घेतले, मग एक दिवस चक्क फोन केला. काका, साहेब या आठवड्यात तुमचा विषय लोकसभेत काढणार.

त्या फोननंतर अर्जुनरावांचं मन दोन्हीकडे ओढलं जाऊ लागलं. मुलगा सापडेल ही आशा एकीकडे आणि विजयश्री दुसरीकडे. भाऊ अडकलाय हे त्यांनी तिला कळवलंच नव्हतं. कुठल्या तोंडानं कळवणार? तुझं खरं झालं, असं सांगायचं म्हणजे जीभ रेटत नव्हती. आणि आता जे सांगायचं धाडस बापाला झालं नाही तेच तिला माईकपुढे बसून साऱ्या महाराष्ट्राला सांगावं लागणार होतं. तिची पाळी त्या वेळी नसू दे, असं त्यांना वाटलं. मग वाटलं, तिचीच असू दे. पोराची बातमी त्या परक्या गृहस्थांच्या तोंडून नको.

त्या सकाळी चहा निवून गेला. आग्नेय आशियात फसवून नेलेल्या तरुणांबद्दलचा प्रश्न आला तेव्हा ते गृहस्थच बोलत होते. किती जणांना सोडवलं, कुठल्या सरकारशी बोलणी चालू आहेत, असं बरंच काही. मग खासदार उभे राहिले. ते मराठीतच बोलले. “माझ्या भागातला, पिंपरी-चिंचवडचा एक डिप्लोमाधारक तरुण तिथं आहे. वडील कामगार होते, एकटेच राहतात. त्याचं काय झालं, हे मंत्रिमहोदय सांगतील का?”

त्यानंतर कानात खुडबुड झाली, खुर्ची सरकल्यासारखी, आणि विजयश्रीचा आवाज आला.

“माननीय सदस्यांनी हा विषय आमच्याकडे आधीच पाठवला होता. आपल्या दूतावासाचे अधिकारी त्या तरुणाला प्रत्यक्ष भेटले आहेत. त्याची प्रकृती चांगली आहे.” मग थोडा वेळ काहीच आलं नाही. पाणी पीत असेल, अर्जुनरावांना वाटलं. “दूतावास या प्रकरणावर लक्ष ठेवून आहे. धन्यवाद.”

अर्जुनराव उठले आणि घरभर फिरले. घर केवढंसं, दोन खोल्या. भेटले! प्रकृती चांगली आहे! आणि हे तिनं सांगितलं, तिच्या तोंडानं सांगितलं. त्यांनी बायकोच्या फोटोला सांगितलं, मग पुन्हा एकदा सांगितलं. दुपारी कधी नव्हे ते पोटभर जेवले. संध्याकाळी कोपऱ्यावरून पाव किलो पेढे घेऊन बाकावर पोचले आणि इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं एका दमात सांगून मोकळे झाले. पोरगा बँकॉकला नव्हताच. अडकला होता. पण आज संसदेत मंत्री बोलले.

दौलतराव इथले मूळचे गाववाले, या सोसायटीखालची जमीनच एकेकाळी त्यांची. त्यांनी पेढा तोंडात टाकला. “आरं, मंग त्यो तुमचा व्हय? आमच्या गुरुपवर आलाय की त्यो इडिओ. निरंजनराव, तुमीच धाडला न्हवं? दावा की.”

निरंजनचा चेहरा पडला होता. त्यानं फोन खिशात घातला. “राहू दे ना काका. नंतर बघू.”

“नंतर कशाला? मंत्री काय बोलले ते दाखवा की,” अर्जुनराव म्हणाले. त्यांना आता कशाचीच भीती वाटत नव्हती.

निरंजननं दौलतरावांकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, आणि व्हिडिओ लावला. त्यात मराठी नव्हतं, मंत्र्यांचं मूळ हिंदी होतं. घसा बसलेला, कोरडा, थकलेल्या माणसाचा आवाज. हा कोण बोलतोय, असं अर्जुनरावांना क्षणभर वाटलं. अधिकारी भेटले. प्रकृती चांगली. त्यापुढे तो आवाज म्हणाला की आता हा तरुण तिथं राजीखुशीनं काम करतो, नव्या पोरांना शिकवायचं काम त्याच्याकडे आहे. भारतात परतायची इच्छा नाही, असं त्यानं लिहून दिलंय. घरच्यांशी बोलायलाही नकार दिलाय. सज्ञान नागरिकाला सरकार जबरदस्तीनं आणू शकत नाही.

व्हिडिओ संपला. दौलतरावांनी तोंडातला पेढा कसाबसा गिळला. कुणी अर्जुनरावांच्या खांद्यावर हात ठेवला, कुणी म्हणालं की जबरदस्तीनं लिहून घेतलं असेल हो. पेढ्यांचा पुडा बाकावरच राहिला.

घरी येऊन त्यांनी दिवासुद्धा लावला नाही. हायवेवरून चाकणकडे जाणाऱ्या कंपन्यांच्या बसेसचा आवाज येत होता. कोंडून ठेवलेल्या पोराची वाट पाहता येते, त्याच्यासाठी कुणाचेही पाय धरता येतात. पण यायचंच नाही म्हणणाऱ्याची वाट कशी बघायची? घरी बोलायचंही नाही! या घरात असं काय होतं की त्यानं तोंड फिरवावं? अर्जुनरावांना बायकोच्या फोटोकडे बघवेना. सकाळी तिला दोनदा सांगून झालं होतं.

खूप वेळानं त्यांच्या डोक्यात आलं, सकाळी हे ऐकलं कसं नाही? त्यांनी फोन काढला, सकाळचं कामकाज मराठीतून पुन्हा लावलं. प्रकृती चांगली आहे. मग ती शांतता. मग दूतावास या प्रकरणावर लक्ष ठेवून आहे. हे वाक्य मंत्री बोललेच नव्हते. विजयश्रीनं ते शेकडो वेळा सांगितलेलं, त्यामुळे तोंडात तयार होतं, ते तिनं तिथं ठेवून दिलं होतं.

तिला ऐकू आलं नसेल, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. पण त्यांनी तिला इतके दिवस ऐकलं होतं. सभागृहात गोंधळ माजला, सगळे एकदम ओरडले, तरी तिचा शब्द सुटत नसे. आकडे सुटत नसत, नकाशात शोधूनही न सापडणाऱ्या गावांची नावं सुटत नसत. ती एकही वाक्य गाळणारी नव्हती. या नोकरीत वाक्य गाळणं म्हणजे काय हे भट्टीवरच्या माणसालाही कळतं. तापवायचं ते लोखंड न तापवता तसंच पुढं सरकवलं तर दुसऱ्या दिवशी गेटच्या बाहेर.

खासदारांनी नाव घेतलं नव्हतं, तरी वर्णनावरून तिनं भाऊ ओळखला होता. मग तिनं ते कुणासाठी गाळलं? साऱ्या महाराष्ट्रात त्या वाक्यानं मोडून पडणारा माणूस एकच होता.

म्हणजे तिला माहीत होतं. बाप रोज खिडकीशी बसून ऐकतो, हे तिला आज नव्हे, कधीपासून माहीत होतं. त्या काचेच्या खोलीत बसून, करार आणि व्हिसा आणि मच्छीमार सांगताना, ती त्यांना ऐकू जाईल असं बोलत होती. आणि हे इकडे चोरासारखे ऐकत होते. अर्जुनरावांनी तोंडावर पंचा धरला आणि ते मोठ्यानं रडले. शेजारी ऐकतील याचंही भान राहिलं नाही.

मग त्यांनी नंबर लावला. रिंग फार वेळ वाजली नाही.

“अप्पा,” ती म्हणाली. तेवढंच.

“विजू.” त्यांना वाटलं होतं, माफी आधी मागावी. पण म्हणाले ते भलतंच. “सकाळी ऐकलो मी.”

“हो. दूतावास लक्ष ठेवून आहे, अप्पा. होईल काहीतरी.” आवाज अगदी माईकवरचा, स्वच्छ.

एवढ्यावर सोडून देता आलं असतं. तिच्या मनाला बरं वाटलं असतं की बाप वाचला. मग ते वाक्य तिनं तिकडे एकटीनं सांभाळलं असतं आणि यांनी इकडे एकट्यानं. अशा सांभाळण्यातच या घराची इतकी वर्षं गेली होती.

“मधलं एक वाक्य राहिलंय बघ,” अर्जुनराव म्हणाले.

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“हिंदीत ऐकलो मी संध्याकाळी. दुसऱ्या कुणाच्या पोराबद्दल बोलत असल्यासारखं वाटलं. मला नीट कळंना. तू सांग.”

“अप्पा, नको.”

“तुला मी बोललो ते चुकलं माझं. तवाच कळलं होतं. आता तू सांग, विजू. तुझ्या तोंडानं ऐकतो.”

मग तिनं सांगायला सुरुवात केली, अडखळत, शब्द मागेपुढे करत, कधीच न सांगितल्यासारखं. “आपला रत्नू, अप्पा... त्यानं लिहून दिलंय. तो येत नाही म्हणतो. आणि आपल्याशी... आपल्या दोघांशीही बोलायचं नाही म्हणतो.”

“दोघांशीही,” अर्जुनराव म्हणाले.

विजयश्री रडायला लागली. अर्जुनरावांनी तिला थांबवलं नाही.