गुणाबाईंना रमवण्याचं काम

उपासना सुरू झाली की सगळे डोळे मिटतात. माझे मात्र दारावर असतात. नांदेडच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत नव्या माणसांना जपायचं काम पाळकसाहेबांनी माझ्यावर टाकलं, तेव्हापासून एक गीत मला धड बसून म्हणता आलेलं नाही. कोण आलं, कोण आलं नाही, कोण आशीर्वादाआधीच चपला घालून निघालं, हेच बघत मी पायाला भिंगरी लागल्यासारखी या बाकावरून त्या बाकावर. एवढं करून माणूस टिकतो का? काही रविवार येतो, गोड हसतो आणि गायब होतो. मला राग येतो. कुणाचा, ते कळत नाही.

त्यात गुणाबाई आल्या. नवरा गेल्यावर चाकूरकडच्या घराला कुलूप लावून मुलीकडे राहायला आलेल्या. मुलगी उज्वला वीज कंपनीत नोकरीला, दिवसभर बाहेर. दुसऱ्याच रविवारी तिनं मला कोपऱ्यात गाठलं.

"सुवार्ताताई, आईचं मन लागंना इथं. परत गावाकडं जाते म्हणते. एकटी कशी राहील? गेल्या उन्हाळ्यात न्हाणीत पडली, तर दुपारपर्यंत कुणाला पत्ता न्हाई. तुम्ही तिला माणसांत घ्या. इथं कुणी जिवाभावाचं भेटलं तरच राहील ती."

"तू निर्धास्त राहा," मी म्हणाले, आणि त्या दिवसापासून माझीच झोप उडाली.

आमच्याकडे नव्या माणसाचा मान मोठा. गुणाबाईंना पुढे बोलावून गुलाब दिला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत, पंख्याखाली खुर्ची दिली. चहा हातात, आणि पिऊन झाला की कप त्यांच्या हातातून काढून घ्यायला दोघी हजर. रोज एकीनं फोन करायचा, असं मी लावून दिलं. बुधवारी आम्ही घोळक्यानं त्यांच्या घरी प्रार्थनेला जायचो. गुणाबाई डोक्यावरचा पदर सावरत बसायच्या आणि विचारलं तेवढंच बोलायच्या. जेवले. बरी हाय. आणि निघताना सलाम.

एकदा मात्र मला म्हणाल्या, "सुवार्ताबाई, मी इथं काय करूलाले? नवरीवानी नुसतं खुर्चीत बसवूलालाव मला."

"तुम्ही पाहुण्या आमच्या."

"तेच की. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. मला तर लई दिवस झाले."

मी हसले. त्यांच्या पाठीला आधार नाही असं वाटून मी घरून एक उशी आणली आणि खुर्चीवर ठेवली. माझी अक्कल तेवढीच.

मग उज्वलाचा फोन आला. आई सोमवारच्या गाडीनं निघणार. म्हणजे हाती एकच रविवार, तोही उपकारस्तुतीच्या सणाचा. त्या आठवड्यात मी एकदा भाजीत मीठ विसरले, तर एकदा दोन वेळा घातलं. चाकूरच्या त्या न्हाणीत पडलेली बाई सारखी डोळ्यांपुढे यायची.

सणाला आमच्याकडे प्रीतिभोजन असतं, त्यात येसराची, म्हणजे भाजून कांडलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी ठरलेली. स्वयंपाक मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होतो आणि तिथं राज्य गुरम्माचं. गुरम्मा देगलूरकडची. हाताला चव, पण जीभ अशी की ऐकणाऱ्याचे कान लाल व्हावेत. नवी माणसं पळतात ती तिच्यामुळेच, असा माझा पक्का समज. म्हणून मी नव्यांना शेडकडे फिरकूच देत नसे.

उपदेश चालू असताना बघते तर पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी. मी मागच्या दारानं पळाले. गुणाबाई शेडच्या तोंडाशी उभ्या होत्या आणि आतून गुरम्मा ओरडत होती.

"ओ अम्मा, उभी राहून काय पाहून राहिली? आमटी खाली लागून राहिली. हात न्हाईत का तुला?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "गुरम्मा, पाहुण्या आहेत त्या. गुणाबाई, मनावर घेऊ नका हो," असं म्हणत मी त्यांचं कोपर धरलं आणि त्यांना परत फिरवलं.

"सोडा मला," त्या म्हणाल्या. एवढा मोठा आवाज त्यांचा मी पहिल्यांदा ऐकला. पदर खोचून त्या सरळ आत गेल्या, पातेलं ढवळलं आणि आमटीचा थेंब तळहातावर घेऊन चाखला.

"येसराच्या आमटीत चिंच कुणी घातली?"

"मी. पहिल्यापासून घालून राहिले."

"मंग पहिल्यापासून नासवूलालीस."

गुरम्माला असं कुणी बोललं नव्हतं. मी डोळे मिटले आणि त्या दिवसातली पहिली खरी प्रार्थना केली.

"इतकं येतं तर तूच कर की," गुरम्मा म्हणाली.

"करते. सरक."

उपदेश संपला, दान झालं, आशीर्वाद झाला, तरी शेडमधलं भांडण चालूच. चिंचेवरून ते मिरचीवर गेलं, मिरचीवरून जावयांवर, जावयांवरून दुखऱ्या गुडघ्यांवर. गुडघ्यांपाशी पोहोचेपर्यंत दोघी एकाच पाटीतला लसूण सोलत होत्या.

पंगत बसली. मी कुणाला मीठ, कुणाला पाणी, कुणाच्या पोराला पोळी करत फिरत होते. तेवढ्यात आमटीची बादली घेऊन गुणाबाई माझ्यापुढे उभ्या राहिल्या.

"तुमी जेवलाव का?"

"माझं होईल मागून."

"मागून कदी? मघापासून बघूलाले, सगळ्यांच्या मागं पळूलालाव. बसा खाली."

इतक्या वर्षांत मला मंडळीत हे कुणी विचारलं नव्हतं. सुवार्ताबाई जेवली असेल, असं सगळे धरून चालायचे. मी खाली बसले. त्यांनी ताटात भात घातला, वर आमटी ओतली.

"उद्याची गाडी?" मी घाबरतच विचारलं.

"उद्या कशी जाते? ह्या गुरम्माला येसर करायला शिकवायचं हाय. बुधवारी तुमी बी या. प्रार्थना झाली की कांडू लागा. नुसतं बसायला येऊ नगा."

आणि त्या पुढच्या ताटाकडे वळल्या. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. मग मांडी घातली आणि आमच्या माणसांच्या पंगतीत पहिल्यांदा पोटभर जेवले.