गोळी दिली तेव्हा किती वाजले होते

नर्सबाईंनी सगळं नीट समजावलं होतं. आमच्या चार वर्षांच्या पोरीला मलेरिया झालेला. एका गोळीत दोन औषधं होती: एक ताप झपाट्याने उतरवणारं, दुसरं मागे राहून उरलेसुरले जंतू मारणारं. तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ, दुधाबरोबर.

"अर्ध्या तासाच्या आत ओकली तर पुन्हा द्या," बाई म्हणाल्या. "त्यानंतर ओकली तर नका देऊ. जास्त झालेली चांगली नाही, आणि कमी पडली तर ताप उलटेल."

मी मान डोलावली, तीही जरा तोऱ्यातच. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला अर्धा तास काय शिकवायचा!

दुसऱ्या दिवशी सकाळी पोर भडाभडा ओकली. मोबाइलमध्ये नऊ चाळीस झाले होते.

"गोळी कधी दिलीस?" मी ओरडलो.

"नऊ पाचला," बायको म्हणाली. "दारावरच्या घड्याळात पाहून."

दारावरचं घड्याळ गिऱ्हाइकाचं, चालवून बघायला टांगलेलं. कधी दहा मिनिटं पुढे, कधी दहा मागे. आणि आत्ताच ते उतरवून मी खोललं होतं, त्यामुळे मोबाइलशी ताडून बघायचीही सोय नव्हती. म्हणजे गोळी देऊन पंचवीस मिनिटं झाली असतील, नाहीतर पंचेचाळीस. हिशेब तीनदा केला, तिन्ही वेळा उत्तर वेगळं. घड्याळ पुढे असेल तर मिनिटं वाढवायची की कमी करायची, हेही सुचेना. डोक्याचा पार भुगा झाला. नर्सबाईंचा फोन लागेना. पोर भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती, आणि मी नुसता घाबरलो होतो.

"दोन बाह्या झाल्या," बायको म्हणाली. ती शर्ट शिवते.

"काय?"

"गोळी दिली आणि मशीनवर बसले. दोन बाह्या लावल्या, तेवढ्यात ही ओकली. एका बाहीला मला दहा-बारा मिनिटं लागतात. इतकी वर्षं तेवढीच लागतात."

"आणि आज हात अडखळला असेल तर?"

"अडखळतं ते तुमचं घड्याळ. गोळी काढा आधी."

काढली. दुधात कुस्करली. "बाबा, परत?" म्हणून पोर रडली, पण प्यायली. या वेळी मात्र पोटात राहिली.

तासाभराने नर्सबाईंचाच फोन आला. सगळं ऐकून म्हणाल्या, "आता एक गोळी कमी पडेल, ती घेऊन जा. आणि पहिली नक्की किती वाजता दिली होती?"

पंचवीस वर्षं मी लोकांना वेळ सांगतोय. मी फोन बायकोच्या हातात दिला.